नावं ठेवणारा मुकादम

जुन्नरच्या महंमद हनीफला माणसांची फार पारख आहे, असं अख्ख्या जुन्नरात एकच माणूस म्हणत असे, आणि तो म्हणजे खुद्द महंमद हनीफ. अठरा वर्षं त्याने जुन्नर ते नारायणगाव टांगा हाकला होता. मागे चार सवाऱ्या, पुढे सुलताना नावाची पांढरी घोडी, आणि मध्ये बसून तो दोन्हीकडच्यांना गोड बोलत न्यायचा. ठिगळाचं धोतर नेसलेल्या म्हाताऱ्यालाही 'या रावसाहेब' म्हणायचा आणि घोडी अडली तर तिला 'चल माझी राणी' म्हणायचा. "घोडं अन् माणूस, दोघांची जात एकच. तोंड गोड अन् लगाम आखूड, झालं काम," हे त्याचं तत्त्वज्ञान. कुणाला पटो न पटो, चालत्या टांग्यातून उडी मारायची सोय नसल्यामुळे सगळ्यांना ते ऐकावं लागे.

मग एस.टी. आली. रावसाहेब आणि म्हातारे सगळे एका दमात एस.टी.त जाऊन बसले, आणि हनीफचं तत्त्वज्ञान ऐकायला घोडी तेवढी उरली. सन चोपन्नमध्ये त्याने टांगा परसात उभा केला आणि नजमुन्निसाबींच्या हिरड्याच्या वखारीत मुकादम म्हणून लागला.

या नजमुन्निसाबी म्हणजे हिरड्याच्या एका व्यापाऱ्याच्या विधवा. नवरा गेल्यावर भाऊबंद वखार विकायला सांगत होते. बाईंनी वखारीच्या मागच्या खोलीला बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा लावला, पडद्याआड खाट टाकली आणि तिथून धंदा सुरू केला. पडद्याबाहेर त्या कधी दिसल्या नाहीत, पण वखारीत पोत्याचं तोंड सैल बांधलं तरी त्यांना आतून कळायचं. फाल्गुन-चैत्रात आहुप्याकडचे लोक झाडाचा कोवळा हिरडा उतरवून वाळवायचे आणि डोक्यावरून, बैलांवरून जुन्नरला आणायचे. वखारीत अकरा बाया तो सुपात घेऊन निवडायच्या. भरीव, काळाभोर हिरडा एकीकडे. पोकळ, किडका, बुरशीचा दुसरीकडे. निवडलेला माल मुंबईच्या औषधवाल्या व्यापाऱ्याकडे जायचा. एवढंच काम, पण सगळा जीव त्या निवडण्यात.

हनीफने पहिल्याच दिवशी वखारीची शिस्त बदलली. बाया आपापल्या सोयीने पसरून बसलेल्या त्याला बघवेनात. "घोड्याला हाकणारा समोर दिसला की घोडं बरोबर चालतं," असं म्हणत त्याने आपली खुर्ची आतल्या भिंतीशी, दाराच्या समोर मांडली आणि अकराही बायांना आपल्याकडे तोंड करून एका ओळीत बसवलं. प्रयागबाई नावाची पन्नाशीची बाई तेवढी तिरपी बसली होती. "मावशी, सरळ बसा, सरळ," हनीफ गोड आवाजात म्हणाला. प्रयागबाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं, ओळीकडे एकदा पाहिलं आणि सरळ बसली. ओळ सुतासारखी झाली. हनीफ खुर्चीवर बसून दिवसभर त्या ओळीकडे पाहत राहिला आणि स्वतःवर खूश झाला.

त्या साली मुंबईहून चाळीस पोती परत आली. 'मालात पोकळ व किडका हिरडा फार. असा माल पुन्हा आल्यास व्यवहार बंद,' अशी सोबत चिठ्ठी. नजमुन्निसाबींनी हनीफला पडद्यासमोर उभं केलं. घरात त्यांची बोली दखनी, पण वखारीत सगळ्यांना कळावं म्हणून त्या मराठीच बोलायच्या.

"हनीफमियाँ, पुढच्या मोसमात पुन्हा माल परत आला, तर वखार विकणार मी. अकरा बाया घरी बसतील. तुम्ही परसातला टांगा काढा."

टांगा काढून करणार काय? सुलतानाला म्हातारपणी उभं राहूनच झोप लागायची. शिवाय अकरा चुली आपल्यामुळे विझल्या, हे मनात आलं तेव्हा हनीफला पहिल्यांदा मुकादमकीची भीती वाटली. तो माणूस फुशारकी मारणारा होता, पण वाईट नव्हता.

बाईंनी मग स्वतःच एक उपाय काढला. पुण्याला कुठल्याशा मंडळाने मुकादमांसाठी तीन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. माणसाचा स्वभाव ओळखून त्याच्याकडून काम कसं घ्यावं, असा विषय. हनीफला आधी हसू आलं. माणसाचा स्वभाव, आणि तो शिकायला त्याने जायचं! पण बाईंपुढे बोलणार कोण? त्याने नवी वही घेतली, पांढरी टोपी धुतली आणि ज्या एस.टी.ने आपला धंदा बुडवला तिच्यातच बसून तो पुण्याला गेला.

शिबिरात जाड चष्म्याचे एक मास्तर होते. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, की हाताखालच्या प्रत्येकाला पूर्ण नावानं हाक मारा; आपलं नाव ऐकलं की माणूस फुलतो. दुसऱ्या दिवशी सांगितलं, की माणूस कौतुकाचा भुकेला असतो. शाबासकी द्यायची ती चारचौघांत द्या. हनीफने दोन्ही गोष्टी ठळक अक्षरात लिहून घेतल्या. तिसऱ्या दिवशी काय सांगितलं ते त्याला माहीत नाही. कारण तिसऱ्या दिवशी तो सकाळीच रेसकोर्सवर घोडे बघायला गेला होता.

परत आल्यावर चैत्रात मोसम सुरू झाला आणि हनीफने पहिला धडा काढला. सकाळी बाया जमल्या तेव्हा तो हजेरीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला.

"आजपासून हरेकीनं आपलं पूर्ण नाव सांगायचं. मग मी त्या नावानं हाक मारीन. हं, बायडाबाई, बोला पूर्ण नाव."

बायडाबाई लाजून लाल झाली. पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव आलं, आणि नवऱ्याचं नाव असं रस्त्यावरच्या माणसासारखं कोण घेतं? शेजारणींनी ढोसलं. शेवटी तिने पदर सावरला, घसा साफ केला आणि सुरू झाली:

"टांगा गेला, येष्टी आली, वाट झाली सोपी,
गेणूरावांचं नाव घेते, डोईवर त्यांच्या टोपी!"

वखार हसून दणाणली. हनीफने लिहिलं, बायडाबाई गेणू. मग पुढची. ती म्हणाली, मला आठवू द्या, सोपं घेणार न्हाई मी. तिला आठवेपर्यंत दुसरीने घेतलं. तिच्यापेक्षा आपलं लांब असावं म्हणून तिसरीने पाच ओळींचं घेतलं. प्रयागबाईची पाळी आली तेव्हा तिने सूप खाली ठेवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं:

"हिरड्याचं झाड आहुप्याच्या डोंगरी,
चांगदेवरावांचं नाव घेते मुकादमाच्या ओसरी!"

हजेरी संपायला दीड तास लागला. दुसऱ्या दिवशी दोन तास, कारण रात्रीतून बायांनी नवे उखाणे जुळवून आणले होते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आळीतल्या चार जणी नुसत्या ऐकायला येऊन बसल्या. हिरडा पोत्यात तसाच. पडद्याआडून नजमुन्निसाबींचं खोकणं ऐकू यायला लागलं, आणि बाई खोकल्या म्हणजे दमा नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पण हनीफने ही हजेरी थांबवली ती खोकल्यामुळे नाही. चौथ्या दिवशी त्याने भरात येऊन साळुबाईला हाक मारली. तीन दिवस ती ओळीच्या अगदी टोकाला सूप चाळत बसायची आणि कुणीतरी तिची पाळी हळूच पुढे ढकलायचं. साळुबाईचा नवरा दोन वर्षांमागे गेला होता. विधवेला उखाणा कुठला? साळुबाईने मान खाली घालून, यमक न जुळवता, नुसतं नाव सांगितलं, "सोपान." आणि परत सूप हातात घेतलं. हनीफने पुस्तक मिटलं. त्या दिवशी तो दिवसभर कुणाशी गोड बोलला नाही, आणि हजेरी पुन्हा पूर्वीसारखी नुसती डोकी बघून होऊ लागली.

आता उरला दुसरा धडा. हनीफला वाटलं, हा मात्र आपल्या घरचाच. गोड बोलण्यात आपला हात कोण धरणार? शाबासकी द्यायची तर कुणाला, हेही उघड होतं. प्रयागबाईसारखा हात सगळ्या तालुक्यात नव्हता. मूठभर हिरडा उचलून ती सुपात सोडायची, आवाज ऐकायची आणि न बघता पोकळ तेवढे बाहेर काढायची. सगळ्या बाया अडल्यानडल्या तिलाच विचारायच्या. तिने निवडलेल्या पोत्याला मुंबईनेही कधी नाव ठेवलं नव्हतं.

रोहिणी लागल्या होत्या. मृगाच्या आत माल निघाला पाहिजे, म्हणून आळेफाट्याहून ट्रक सांगून ठेवलेला. पंधरा दिवस हातात आणि निम्मा माल निवडायचा. अशात एका दुपारी हनीफ खुर्चीवरून उठला, ओळीसमोर उभा राहिला आणि टांग्यावरच्या आवाजात बोलू लागला.

"बायांनो, जरा इकडं ध्यान द्या. ह्या प्रयागमावशीचा हात बघा! काय हात हाये का जादू हाये! असा हात जुन्नरात न्हाई, आंबेगावात न्हाई, पुण्यात न्हाई. सोन्यानं मढवावा असा हात! तुमी दहा जणी एकीकडं अन् हा एक हात एकीकडं!"

हनीफ टाळ्यांची वाट बघत थांबला. टाळी वाजली नाही. बायांची तोंडं उतरली होती. दहा जणी एकीकडे म्हणजे काय, हे त्यांना बरोबर समजलं होतं. पण खरी गंमत प्रयागबाईची झाली. तिने दोन्ही हात झटकन पदराखाली लपवले. चेहरा पांढरा पडला. शेजारची बायडाबाई तीनदा "थू, थू, थू" करत कुजबुजली, "मुकादम, आवो काय केलंत हे! भरल्या कामात, उघड्या हातावर!"

दुसऱ्या दिवशी प्रयागबाई आली नाही. निरोप आला, की रात्रीपासून उजवा हात बधिर झालाय, उचलत नाही. मीठ-मोहरी-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या तर ठसकासुद्धा लागला नाही. म्हणजे नजर लागली, आणि साधी नव्हे, मुकादमाची.

ती येईना, तसं बाकीच्यांचंही चित्त उडालं. विचारायला कुणी नाही. त्यातून प्रत्येकीला धास्ती, की आपला हात जरा भरभर चालला आणि मुकादमाच्या नजरेत भरला तर? म्हणून सगळ्या जाणूनबुजून हळू निवडू लागल्या. हनीफ कुणाच्या सुपाकडे वळला, की ती सूप पदराने झाकायची. पाच दिवस गेले. निवडलेल्या पोत्यांची रास होती तेवढीच राहिली. पडद्याआड खोकणंही बंद झालं, आणि ते खोकण्याहून वाईट होतं.

सहाव्या दिवशी हनीफ घरी येऊन भिंतीला टेकून बसला. त्याची बायको आमिना कांदा चिरत होती. चार पोरं वाढवलेली बाई. वहीबिही कधी हातात धरली नव्हती.

"मी तर कौतुक केलं ग तिचं," हनीफ म्हणाला. "मास्तर म्हणाले, चारचौघांत करा."

"मास्तरांना पोरं आहेत का?"

"ते कुठं विचारलं मी?"

"मग विचारायचं होतं. आपलं पोर गुटगुटीत झालं तर आपण काय म्हणतो? 'मेलं वाळलंय नुसतं' म्हणतो ना? आणि गालाला काजळ लावतो. तू तिला चारचौघांत उघडी केलीस, आणि वर काजळाचं बोटही लावलं नाहीस." आमिनाने चिरलेला कांदा बाजूला सारला. "ज्या तोंडानं नजर लावली, त्याच तोंडानं उतरव. जा तिच्या दारात आणि तिच्या कामाला नावं ठेव. खोटं नाही हां. खोटं बोललास तर उतरणार नाही. खरी खोट काढ."

हनीफ प्रयागबाईच्या दारात गेला तेव्हा चांगदेव, तिचा नवरा, ओट्यावर सुतळी वळत बसला होता. महिन्यात चार वाक्यं बोलणारा माणूस. त्यातलं एक त्याने खर्च केलं, "बसा, पावणं."

आत प्रयागबाई उजव्या हाताला फडकं गुंडाळून पडली होती. हनीफ उंबऱ्याशी उभा राहिला. अठरा वर्षांत त्याने माणसाला वाईट बोलायची सवयच ठेवली नव्हती.

"मावशी, मी... ते हे... नावं ठेवायला आलोय."

प्रयागबाईने मान वळवली. चेहऱ्यावर जरा आशा दिसली. "ठेवा."

"तुमचं काम... म्हंजी... हात जरा हळूच चालतो तुमचा."

प्रयागबाई अंथरुणावर उठून बसली. "हळू? कुणाचा हळू? त्या बायडीची दोन सुपं व्हत्यात तवर माजी पाच व्हत्यात!"

"ते खरं हाये," हनीफने घाईघाईने कबूल केलं. "मग... कधी कधी एखादा किडका ऱ्हात असंल."

"एक दावा! अवो, एक दावा!" बधिर हाताने फडकं सोडलं. प्रयागबाई उठली, फडताळातून हुलग्याचा डबा काढला, सूप घेतलं आणि उंबऱ्यात बसकण मारली. "बसा हितं. बघा अन् काडा खोट. खोट निघाल्याबिगर ऊटू नका. मला उद्या कामाला यायचंय."

आणि हनीफ बसला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो खुर्ची सोडून, जमिनीवर, एका सुपाच्या शेजारी बसला. प्रयागबाई निवडत होती आणि तो डोळे फाडून चूक शोधत होता. एक घटका गेली, दुसरी गेली. चूक काही सापडेना. चांगदेव सुतळी वळता वळता मधेच वाकून बघायचा, नाही म्हणून मान हलवायचा आणि परत वळायला लागायचा. उन्हं कलली. हनीफ रडकुंडीला आला. खोट नाही सापडली तर बाई येणार नाही, बाई आली नाही तर माल निघणार नाही, आणि अकरा चुली विझतील. त्या एका हुलग्याच्या दाण्यावर सगळं येऊन ठेपलं होतं.

शेवटी त्याला एक दिसलं.

"मावशी! सापडली! तुमी सरळ बसत न्हाई. तिरप्या बसता!"

प्रयागबाईचे हात थांबले. "मग? तिरपीच बसनार. उजेड बाजूनं आला, तर दान्यावरचं भोक दिसतं. दार पाठीशी घेतलं, की आपलीच सावली सुपात. मग काय दिसतंय, कपाळ?"

त्याच्या डोळ्यांपुढे वखार उभी राहिली. आतल्या भिंतीशी त्याची खुर्ची. खुर्चीकडे तोंड करून अकरा बाया. अकरा पाठींमागे वखारीचं एकुलतं एक दार. आणि अकरा सुपांत अकरा सावल्या.

"म्हंजी... ती चाळीस पोती..."

"आता मला ऐकून कळतं, म्हणून माजं निभलं. त्या बिचाऱ्या बाया अंधारातच निवडत व्हत्या."

"मावशी, मग सांगितलं का न्हाई?"

"तुमी इचारलं कवा? मी तिरपी बसले, तर तुमीच वरडलात, सरळ बसा म्हनून. आमी म्हनलं, मुकादमाला काय तरी ठावं असंल. घोडेवाला मानूस."

"घोड्याला हाकणारा समोर दिसला म्हंजी..." हनीफ सवयीने बोलून गेला.

प्रयागबाईने सूप खाली ठेवलं. "भाऊ, एक इचारू? तुमच्या टांग्यात घोडं तुमच्याकडं तोंड करून पळायचं व्हय?"

ओट्यावर चांगदेवच्या हातातली सुतळी सुटली. महिन्यात चार वाक्यं बोलणारा तो माणूस असा हसला, की गल्लीतलं कुत्रं उठून पळालं. हनीफ आधी ओशाळला, मग त्यालाही हसू फुटलं. अठरा वर्षं सुलतानाने त्याला पाठ दाखवली होती, तीही डोळ्यांना झापडं लावून, आणि एकदाही तिने रस्ता चुकवला नव्हता. पुण्याच्या शिबिराचा तिसरा दिवस त्याने बुडवला होता. तो शेवटी प्रयागबाईच्या उंबऱ्यावर भरला.

"पन खोट तर निगाली न्हाई," प्रयागबाई म्हणाली. तिला तीच काळजी.

"निगाली की," हनीफ म्हणाला. "तुमची खोट ही, की दोन वरसं मला सांगितलं न्हाई. लई मोठी खोट हाये. गप ऱ्हायलात."

प्रयागबाईने जरा विचार केला. हे खरं होतं. तिने हाताच्या मुठी उघडझाप करून पाहिल्या आणि समाधानाने मान डोलावली. "उतरली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हनीफने आपली खुर्ची उचलून घरच्या परसात, टांग्याशेजारी नेऊन ठेवली आणि वखारीत परत येऊन बायांना म्हणाला, "कुठं अन् कसं बसायचं, ते तुमीच सांगा." बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग जो कालवा झाला! कुणाला दाराची डावी बाजू, कुणाला उजवी; साळुबाईला डाव्या डोळ्याने कमी दिसतं हे तेव्हा कळलं, तिला सगळ्यांत उजेडाची जागा बायडाबाईने आपली सोडून दिली. ओळ पार मोडली. वखार बाजारासारखी दिसायला लागली, आणि पोती भराभर शिवली जाऊ लागली.

हनीफ आता सुपासुपाशी जाऊन उकिडवा बसायचा. कौतुकाचा शब्द त्याने तोंडातून काढून टाकला. एखाद्या सुपातला माल फारच देखणा दिसला, की तो नाक मुरडून म्हणायचा, "हं. बरंय. चालंल." बाया तेवढ्यावर दिवसभर खूश. हळूहळू त्यांनी त्याच्या कुरकुरीचा भावही ठरवून टाकला. 'चालंल' म्हणजे चांगलं. 'आज जेवला न्हाई वाटतं हात' म्हणजे फार चांगलं. आणि मुकादम सूप बघून काहीच न बोलता, सुस्कारा टाकून पुढे गेला, तर ती बाई संध्याकाळी घरी जाऊन आपल्या हातावरून मीठ उतरवून घ्यायची.

मृगाच्या आदल्या दिवशी ट्रक निघाला. पुढचे बारा दिवस हनीफच्या घशाखाली घास उतरला नाही. टपालवाला गल्लीत दिसला, की तो परसात जाऊन सुलतानाच्या मानेला खरारा करत बसायचा.

तेराव्या दिवशी मुंबईचं पत्र आलं. नजमुन्निसाबींनी वखारीत सगळ्या बायांना आणि हनीफला पडद्यासमोर बोलावलं. बाहेर पावसाची झड होती. पडद्याआड कागद उलगडल्याचा आवाज आला.

"एकही पोतं परत नाही," बाई म्हणाल्या. "पुढल्या साली दुप्पट माल मागितलाय. वखार चालू राहील."

साळुबाईने पदर डोळ्यांना लावला. ठकूबाई नावाची एक जाडजूड बाई मटकन खालीच बसली. पडद्याआडचा आवाज थोडा हलला, आणि बाई पुढे बोलू लागल्या, "आणि हनीफमियाँ, तुमच्यासारखा मुकादम तर आख्ख्या..."

अकरा बायांनी एकदम श्वास ओढला. प्रयागबाईचा हात तोंडाशी गेला. हनीफने डोळे गच्च मिटले. आपण इतक्या खस्ता खाऊन इथवर आलो, आणि आता भरल्या वखारीत आपला निकाल लागणार, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

पडद्याआड वाक्य अर्ध्यातच थांबलं. चिकाच्या काड्यांतून बाईंना सगळ्यांचे चेहरे दिसत असणार. मग त्या खोकल्या.

"तुमच्यासारखा मुकादम आख्ख्या जुन्नरात कुठंही मिळेल," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "पोती शिवताना सुतळी फार वापरता. पुढच्या साली जरा हात आखडा."

"जी, बीबी," हनीफ म्हणाला. शाबासकी त्याने जन्मभर फुकट वाटली होती, पण त्याला स्वतःला अशी कुणी दिली नव्हती. मागे बायांनी सुस्कारे सोडले, आणि प्रयागबाई हळूच म्हणाली, "लई खूश हायेत बीबी."

हनीफ भिजत घरी गेला. आमिना चुलीपुढे होती. तो दारातूनच ओरडला, "आमिना, बीबींनी आज चारचौघांत मला नावं ठेवली!"

आमिनाने वळून पाहिलं. "किती नावं ठेवली?"

"एकच. सुतळी जास्त वापरतो म्हणाल्या."

"एकच?" आमिनाचा चेहरा गंभीर झाला. तिने फडताळातून मूठभर मीठ, मोहरी आणि तीन लाल मिरच्या काढल्या. "बस खाली. उतरवते."